परत बोलावण्याचा अधिकार : टक्केवारीच्या आधी पहिली सही कोणाची ते ठरवा

कोरम_अपुरा
सरपंच, नगराध्यक्ष किंवा नगरसेवकाला मुदतीआधी घरी पाठवण्याचा अधिकार मतदारांना असावा का, यावर "लोकशाही बळकट होईल" आणि "अस्थिरता येईल" ही दोन वाक्यं दोन्हीकडून फेकून झाली की चर्चा संपते. इथे त्यात पडू नये अशी विनंती. धागा फक्त यंत्रणेबद्दल आहे. प्रक्रिया सुरू कोण करू शकतं, सह्या किती आणि कशाच्या किती, त्या तपासणार कोण, मतपत्रिकेवर काय असावं आणि खुर्ची रिकामी झाल्यावर पुढे काय?

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडे ज्याला "राइट टू रिकॉल" म्हणतात ते बहुतेक ठिकाणी मतदारांचं हत्यार नाहीच. घोडा दाबायचा सदस्यांनी, मतदारांनी फक्त गोळी लागली का ते सांगायचं. मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम १९६१ चं कलम ४७ घ्या. थेट निवडून आलेल्या अध्यक्षाला परत बोलावायचं तर निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी तीन-चतुर्थांशांच्या सह्यांचा प्रस्ताव कलेक्टरकडे गेला पाहिजे. पहिली दोन वर्षं तो आणता येत नाही, आणि एका मुदतीत एकदाच. कलेक्टर सह्यांची खातरजमा करतात, प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो, तिथून राज्य निवडणूक आयोगाकडे. यात मतदाराचं काम अगदी शेवटच्या दिवशी आहे. नगरसेवक आणि अध्यक्ष एकमेकांना सांभाळून असतील तर अख्खं गाव वैतागलं तरी काही हलत नाही.

खाली_खुर्ची
त्या शेवटच्या दिवशीचं चिन्ह मात्र झकास आहे. मतपत्रिकेवर नावं नसतात. एक भरलेली खुर्ची, एक रिकामी. ठेवायचं असेल तर भरलेलीवर शिक्का, काढायचं असेल तर रिकामीवर. हिंदीत सरळ "भरी कुर्सी, खाली कुर्सी". अशा मतदानाने अध्यक्ष जाण्याचा पहिला प्रसंग २००० साली अनूपपूरला घडला (तेव्हा शहडोल जिल्हा). छत्तीसगडने तोच कायदा वारशाने घेतला आणि २००८ च्या जूनमध्ये नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर या तीन नगर पंचायतींच्या अध्यक्षांना मतदारांनी काढलं. राजस्थानने २०११ मध्ये तरतूद केली. तिथलं पहिलं मतदान २०१२ च्या अखेरीस बारां जिल्ह्यातल्या मांगरोलला झालं, आणि अध्यक्ष टिकले!

मांगरोल महत्त्वाचं यासाठी की तिथेही आधी तीन-चतुर्थांश सदस्य विरोधात गेलेच होते. तरी लोकांनी खुर्ची भरलेली ठेवली. म्हणजे सदस्यांचं मत आणि गावाचं मत एक नसतं. तुमच्या मुद्द्याला हा दुसऱ्या बाजूने पुरावा आहे.

तालुक्याचा_माणूस
महाराष्ट्राचं लिहितो, कारण ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३५ वरून (सरपंचावरचा अविश्वास ठराव) गावोगाव गोंधळ असतो.

२०१७ मध्ये थेट सरपंच आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी पंचायतीत. विहित नमुन्यात तहसीलदारांना नोटीस, नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत तहसीलदार विशेष सभा बोलावतात आणि अध्यक्षस्थानी स्वतः बसतात. सरपंचाला त्या सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क आहे. ठरावाला तीन-चतुर्थांश सदस्य लागतात. तो झाला तरी सरपंच लगेच जात नाही. दुसरी पायरी विशेष ग्रामसभेची, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, गुप्त मतदानाने. तिथे शिक्कामोर्तब झालं तरच पद जातं.

निवडीनंतरची पहिली दोन वर्षं आणि पंचायतीची मुदत संपण्याआधीचे सहा महिने ठराव आणता येत नाही. फेटाळला गेला तर पुन्हा दोन वर्षं थांबायचं. पाच वर्षांच्या मुदतीत मधली अडीच वर्षंच मोकळी. त्या अडीच वर्षांत एकदा पडला की दुसरी संधी जवळपास संपलीच. म्हणून आकडे जुळल्याशिवाय नोटीस देऊ नये. एकदा दिलेली नोटीस मागेही घेता येत नाही.

उपसरपंच सदस्यांमधून निवडलेला असतो, त्याच्यासाठी ग्रामसभेची पायरी नाही. हे दोन ठराव एकाच नोटिशीत घालू नका, प्रत्येकाचं बहुमत आणि पुढची वाट वेगळी आहे.

भागाकार
"तीन-चतुर्थांश" म्हणजे नक्की किती यावर सगळ्यात जास्त ठराव आपटतात, म्हणून गणित मांडतो.

७ चे तीन-चतुर्थांश ५.२५. पाच चालत नाहीत, सहा लागतात. ९ ला ६.७५ म्हणजे ७. ११ ला ८.२५ म्हणजे ९. १३ ला १०, १५ ला १२, १७ ला १३. अपूर्णांक नेहमी वर जातो, कारण कायदा "पेक्षा कमी नाही" असं म्हणतो. ५.२५ ला ५ धरलं की कमी झालंच.

दुसरी गोष्ट छेदाची. छेद हा हजर सदस्यांचा नाही, त्या वेळी सभेत बसून मत द्यायला पात्र असलेल्या एकूण सदस्यांचा आहे. त्याचे दोन परिणाम होतात. गैरहजर राहणारा सदस्य प्रत्यक्षात सरपंचाच्या बाजूने मत देत असतो, हात वर न करता. म्हणून सभेच्या आधी आठ दिवस सदस्य "देवदर्शनाला" जातात! आणि मधल्या काळात कोणी अपात्र ठरला, राजीनामा दिला किंवा वारला तर छेदच बदलतो. ११ चे १० झाले की ९ ऐवजी ८ पुरतात. नोटिशीच्या दिवशी केलेलं गणित सभेच्या दिवशी पुन्हा करावं लागतं.

शंकासुर
हे सगळं सदस्यांचं राजकारण झालं. सरळ मतदारांच्या सह्यांवर का सुरू करू नये? २५ टक्के सह्या आल्या की मतदान. यात अडचण काय आहे?

भागाकार
अडचण पाटीवर मांडतो. आकडे मानीव आहेत.

एका प्रभागात २,४०० मतदार. ६५ टक्के मतदान झालं, म्हणजे १,५६०. तिरंगी लढत, जिंकणाऱ्याला ६४०. बाकीच्यांना मिळून ९२०. आता २४०० चे २५ टक्के ६००. निकालाच्या दुसऱ्या दिवशी हरलेल्या दोघांनी आपापली माणसं एकत्र आणली तर ६०० सह्या आठवड्यात होतील, कोणीही मत न बदलता. एक-तृतीयांश ठेवा, ८००. तरी ९२० च्या आतच. ४० टक्के केले, ९६०, तर निदान थोडे नवे नाराज लागतील. पण मग सह्या गोळा करणं जवळपास अशक्य होतं.

टक्केवारी नुसती वाढवून हा प्रश्न सुटत नाही. सुटतो तो मतदानाच्या अटीत. काढण्याच्या बाजूची मतं मूळ निवडणुकीत त्याला मिळालेल्या मतांपेक्षा जास्त हवीत, अशी अट घाला. मग हरलेल्यांची बेरीज पुरते का नाही हे मतपेटीच सांगेल. तैवानमध्ये कायदा वेगळा आहे (होकार नकारापेक्षा जास्त आणि एकूण मतदारांच्या चौथ्या हिश्श्याइतके), पण काउशुंगचे महापौर हान क्वो-यू यांच्या बाबतीत २०२० मध्ये योगायोगाने हेही घडलं. २०१८ ला जिंकताना त्यांना ८,९२,५४५ मतं होती. काढताना ९,३९,०९० पडली. त्यानंतर निकालाबद्दल कुरकुर करायला जागा उरत नाही.

नमुना_आठ
टक्केवारीचा अजून एक पदर. एकच टक्का छोट्या आणि मोठ्या मतदारसंघाला लावणं चूक आहे. पाचशे मतदारांच्या वाडीत २० टक्के म्हणजे शंभर सह्या, एका संध्याकाळचं काम. दोन लाखांच्या शहरात तेच ४०,००० होतात. कॅलिफोर्नियात स्थानिक पदांसाठी उतरती भाजणी आहे. हजाराच्या आत नोंदणी असेल तर ३० टक्के, दहा हजारांच्या आत २५, पन्नास हजारांच्या आत २०, लाखाच्या आत १५, त्यावर १०. मुदत मात्र चढती आहे. सर्वांत लहान ठिकाणी ४० दिवस, पन्नास हजारांच्या वर १६०. मसुदा करणाऱ्याने ही जोडी उचलावी. टक्का खाली जातो तेव्हा दिवस वर जातात.

आता सह्यांची तपासणी. लोकांना वाटतं कागद गोळा केले की झालं. आयचीचं उदाहरण बघा. जपानच्या त्या प्रांतात २०२० मध्ये गव्हर्नरविरुद्ध मोहीम झाली. सुमारे ४ लाख ३५ हजार सह्या जमा केल्या, आणि निवडणूक आयोगाच्या तपासणीत सुमारे ८३ टक्के अवैध निघाल्या. बऱ्याचशा एकाच हाताच्या होत्या. पगारी माणसं बसवून याद्यांवरून नावं उतरवली गेली होती. मोहिमेच्या सचिवाला पुढे अटक झाली.

यातून मसुद्यात काय घ्यायचं? सहीच्या ओळीत नाव, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, पत्ता, तारीख हे सगळं सही करणाऱ्यानेच भरावं. अंगठा असेल तर साक्षीदाराचं नाव त्याच ओळीत. प्रत्येक कागदाच्या तळाशी तो कागद फिरवणाऱ्याचं प्रतिज्ञापन हवं, की या सह्या माझ्यासमोर झाल्या. मग बनावट निघाली तर धरायला माणूस असतो. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर मागणीचा पूर्ण मजकूर. ही अट किरकोळ वाटते, पण रेशनच्या अर्जाखाली सह्या घेऊन त्या दुसऱ्याच कागदाला जोडण्याचा उद्योग इथेच अडतो.

आणि मतदारयादीची तारीख गोठवा. मोहिमेची नोटीस ज्या दिवशी दाखल झाली त्या दिवसाची यादी तीच छेद, तीच पडताळणीला. नाहीतर मधेच पुरवणी यादी आली की निम्मी मोहीम "छेद किती" याच भांडणात जाते.

शंकासुर
लाखभर सह्या तहसील कचेरीत कोण तपासणार? एकेक ओळ बघायची म्हटलं तर मुदत संपेल.

नमुना_आठ
नमुना तपासणी. चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाने यादृच्छिक ओळी काढायच्या, त्या पूर्ण तपासायच्या आणि वैधतेचं प्रमाण सगळ्यांना लावायचं. कॅलिफोर्नियात यातून येणारा अंदाज गरजेच्या ९० टक्क्यांच्या खाली असला तर मोहीम बाद, ११० च्या वर असला तर मंजूर, आणि मधे अडकला तर मात्र सगळ्या सह्या मोजायच्या. एक खाच आहे. दुबार सह्या नमुन्यात नीट सापडत नाहीत, कारण जोडीतल्या दोन्ही ओळी नमुन्यात एकत्र यायला हव्यात. म्हणून दुबार शोधायला नावं यादीच्या अनुक्रमांकाने लावून वेगळी फेरी करावी.

जपानची दुसरी सवयही चांगली आहे. तपासलेली सह्यांची यादी सात दिवस लोकांना बघायला ठेवतात. "ही सही माझी नाही" असं म्हणायची संधी मिळते.

तालुक्याचा_माणूस
सही-यादी उघडी ठेवण्याला माझा विरोध आहे. दीड हजार वस्तीच्या गावात सही करणाऱ्यांची नावं सरपंचाच्या हातात गेली तर घरकुलाची यादी, नळजोडणी, दाखले, सगळीकडे हिशोब चुकता होतो. मतदान गुप्त आणि सही उघडी, मग गुप्ततेला अर्थ काय? आपल्याकडे प्रक्रिया सदस्यांकडे ठेवण्याचं हे एक खरं कारण आहे. सदस्याला निदान पदाचं संरक्षण असतं.

नमुना_आठ
मान्य, लहान गावात तो धोका मोठा आहे. यादी न मांडता प्रत्येकाला फक्त स्वतःची नोंद तपासता यावी, अनुक्रमांक सांगितला की "सही आहे / नाही" एवढंच उत्तर. बनावट पकडण्याचा हेतू तेवढ्याने साधतो. फिरत्या कागदांऐवजी तहसील कचेरीत ठरावीक दिवस टेबल लावून तिथेच सही घेणं हा दुसरा पर्याय, पण मग मजुरी बुडवून कोण येणार हा प्रश्न.

कोरम_अपुरा
उपस्थितीबद्दल कोणी लिहिलं नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा सापळा तिथे आहे.

किमान मतदानाची अट घातली की पदावरचा माणूस प्रचार करतच नाही. आपल्या लोकांना म्हणतो, घरी बसा. पोलंडमध्ये महापौर काढायला मूळ निवडणुकीत मतदान करणाऱ्यांच्या तीन-पंचमांश लोकांनी यावं लागतं. वॉर्सात २०१३ मध्ये हव्या होत्या साधारण २९ टक्के मतदारांच्या हजेऱ्या, आले २६ टक्क्यांच्या आत. आलेल्यांतले बहुसंख्य काढण्याच्या बाजूचे होते, तरी महापौर राहिल्या. आणि लहान जागी घरी बसण्याने गुप्तता मोडते. केंद्रावर जो दिसला तो विरोधक, हे सगळ्यांना कळतं.

म्हणून अट एकूण उपस्थितीवर नको, काढण्याच्या मतांवर हवी. तैवानसारखी चौथा हिस्सा, किंवा भागाकार म्हणतात तशी जिंकलेल्या मतांपेक्षा जास्त. मग घरी बसण्याचा फायदा उरत नाही, समर्थकाला यावंच लागतं.

आपल्या विशेष ग्रामसभेतही हीच गाठ आहे. मतदान गुप्त, पण ग्रामसभेला कोण आलं हे सगळ्या गावाला दिसतं. शिवाय एकच जागा, एकच दिवस. वाड्या-वस्त्या लांब असतील तर ज्याच्याकडे गाड्या त्याचा ठराव. प्रभागनिहाय केंद्रं आणि पूर्ण दिवस मतदान एवढा बदल केला तरी पुष्कळ फरक पडेल.

शंकासुर
राखीव जागांचं काय? स्त्री किंवा मागासवर्गीय सरपंच दोन वर्षांत नकोसा होण्याची कारणं नेहमी कारभाराची नसतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अशा जागी बहुसंख्येला सह्यांचं हत्यार देणं म्हणजे आरक्षण मागच्या दाराने काढून घेणं नाही का?

तालुक्याचा_माणूस
कायद्याला हे अगदीच सुचलं नव्हतं असं नाही. थेट निवडणूक येण्याआधी साध्या ठरावाला दोन-तृतीयांश पुरायचे, पण महिला राखीव पदावरच्या महिला सरपंचासाठी तीन-चतुर्थांशची अट होती. अनुसूचित जाती-जमातींसाठी मात्र तसं वाढीव बहुमत नाही, ही उणीव आहे. माझ्या मते जास्त उपयोगी अट वेगळी: काढल्यानंतर पद त्याच प्रवर्गात राहिलं पाहिजे आणि उरलेली मुदत उपसरपंचाकडे सरकता कामा नये. पद आपल्या गटाकडे येणार नाही हे माहीत असलं की अर्धे ठराव मुळातच निघत नाहीत.

आणि एक गल्लत सगळीकडे दिसते. गैरव्यवहार हे अविश्वासाचं कारण नव्हे, त्याचा रस्ता वेगळा. कर्तव्यात कसूर, गैरवर्तन असेल तर कलम ३९, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची चौकशी आणि विभागीय आयुक्तांचा निर्णय. सरकारी जागेवर अतिक्रमण वगैरे असेल तर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रता. तिथे पुरावा लागतो, बहुमत नाही. अविश्वासात बहुमत लागतं, पुरावा नाही. लोक पुरावा घेऊन बहुमत मागायला जातात आणि बहुमत घेऊन चौकशी.

खाली_खुर्ची
ब्रिटनने २०१५ मध्ये दोन्ही रस्ते एकमेकांना जोडले, खासदारांसाठी. आधी ठरावीक कारण घडलं पाहिजे (तुरुंगवासाची शिक्षा, सभागृहातून ठरावीक दिवसांचं निलंबन, भत्त्यांची खोटी माहिती), मगच मतदारांच्या सह्या. मतदारसंघातल्या १० टक्के, सहा आठवड्यांत, ठरवून दिलेल्या ठिकाणी जाऊन. टक्का कमी ठेवता आला कारण दार अरुंद आहे. २०१८ मध्ये नॉर्थ अँट्रिमला ९.४ टक्क्यांवर मोहीम थांबली, २०१९ मध्ये पीटरबरोला जागा रिकामी झाली. कारण सिद्ध झालेलं असेल तर कमी सह्या, नुसती नाराजी असेल तर जास्त, अशी दुहेरी पट्टी आपल्याकडच्या मसुद्यात बसू शकते.

शंकासुर
ही पट्टी पटली. पण सदस्यांनी सुरू केलेली प्रक्रिया कोर्टात टिकते का? जनतेने निवडलेल्याला मूठभर सदस्य कसे काढणार, असा मुद्दा गेलाच असेल.

तालुक्याचा_माणूस
गेला आहे आणि टिकली आहे. मोहनलाल त्रिपाठी विरुद्ध जिल्हाधिकारी रायबरेली, १९९२. थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला मंडळाने अविश्वासाने काढणं सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं. निवडून येणं आणि पदावर राहणं हा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला आहे, म्हणून काढण्याची पद्धतही कायदाच ठरवतो. १९९८ च्या राम बेटी प्रकरणात उत्तर प्रदेशात प्रधानाला काढण्याचा अधिकार ग्रामसभेकडून पंचायत सदस्यांकडे नेणारी दुरुस्तीही टिकली. त्यामुळे "पहिली सही मतदारांची" हवी असेल तर ती न्यायालयातून मिळणार नाही, विधिमंडळातूनच आणावी लागेल.

कोरम_अपुरा
मग खुर्ची रिकामी झाल्यावरचं कलम त्याच मसुद्यात लिहा, कारण पुढारी आधी तेच वाचतात. पेरूने स्थानिक पातळीवर याचा जगात सर्वाधिक वापर केला. लिमाच्या महापौर २०१३ मध्ये थोडक्यात वाचल्या, पण त्याच मतदानात बरेच नगरसेवक गेले. काढल्यावर नवी निवडणूक असायची, म्हणून हरलेले उमेदवार मोहिमा काढायचे. २०१५ च्या सुधारणेनंतर रिकामी जागा त्याच यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाते. कॅलिफोर्नियानेही २०२३ पासून स्थानिक मतपत्रिकेवरचा "मग कोण?" हा दुसरा प्रश्न काढून टाकला.

भागाकार
आणि काढलेल्याला लगेच पुन्हा उभं राहता येतं का, तेही लिहा. जपानच्या आकुने शहरात डिसेंबर २०१० मध्ये काढलेले महापौर पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीत उभे होते. हरले, पण उभे होते. बंदी घालायची असेल तर ती उरलेल्या मुदतीपुरती घाला. त्यापुढे नेली की ती शिक्षा होते, आणि शिक्षेला पुरावा लागतो, म्हणजे आपण पुन्हा कलम ३९ वर आलो.

नमुना_आठ
मुदत मोजायची कुठून, तेही. निवडीच्या तारखेपासून की पदभार घेतल्यापासून? महाराष्ट्राचं कलम निवडीच्या तारखेपासून मोजतं, मध्य प्रदेशचं निवडून येऊन पदभार घेतल्यापासून. दोन्हींत काही आठवड्यांचं अंतर पडू शकतं आणि दोन वर्षांच्या उंबरठ्यावर दिलेली नोटीस तेवढ्यावरून रद्द होते. मसुद्यात एकच तारीख लिहा, आणि ती राजपत्रातली असू द्या.